एका फ्लॅटमधले सगळे नवरदेव

मी पायथन शिकलो ते अपराधी वाटून. तशा मी बहुतेक गोष्टी अपराधी वाटूनच केल्या आहेत. शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. ज्या यादीला मी एक्सेलमध्ये अर्धा दिवस घालवायचो, ती बाजूच्या टेबलावरचं पोरगं चहा निवायच्या आत काढून द्यायचं. पगार मात्र माझा जास्त. दर महिन्याच्या पगाराला मला त्याच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून पंचेचाळिशी उलटल्यावर मी त्याच्याकडूनच प्रोग्रामिंग शिकायला बसलो.

ही बातमी समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या समितीपर्यंत कशी गेली, देव जाणे. आमचा समाज मूळचा मेंढरांमागे फिरणारा. आता निम्मे शेतीवर, निम्मे कारखान्यांत, आणि समितीवर असलेले सगळे जण फक्त समितीवर. अध्यक्षांनी मला उस्मानपुऱ्यातल्या हॉटेलात चहाला बोलावलं.

"तुला कॉम्प्युटर येतो म्हणं."

"थोडा थोडा."

"मग स्थळं जुळव. मुलींची यादी आमच्याकडं राहील, ती कुणाला द्यायची नाय. मुलांच्या नोंदी तू लाव. मुलीच्या बापानं अट सांगितली की तुझ्या मशीननं एक-दोन पोरं काढून द्यायची. आम्ही ती मोबाइलवर पाठवू."

चहाचे पैसे त्यांनी दिले, त्यामुळे नाही म्हणायला मला तोंडच उरलं नाही.

एका मुलाची नोंद म्हणजे काय, हे मला शिकवताना ऑफिसातल्या त्या पोराने पत्र्याच्या पेटीचं उदाहरण दिलं होतं आणि ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पेटीत नाव, शिक्षण, नोकरी हे सामान सुटं पडलेलं. पण कुटुंब हा पेटीतला डबा. त्या डब्यात आई नावाची डबी आणि त्या डबीत तिचं माहेरचं कूळ, म्हणजे मुलाच्या मामाचं कूळ. आमच्यात ते मुलीच्या कुळाशी जुळलं तर लग्न जुळत नाही, म्हणून ते पहिलं बघायचं. पायथनमध्ये अशा पेटीला डिक्शनरी म्हणतात. एका डिक्शनरीत दुसरी, दुसरीत तिसरी. आणि ही सगळी रचना जशीच्या तशी फाइलमध्ये उतरवून ठेवायची जी रीत, तिला जेसन म्हणतात. अध्यक्षांना मी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "तुझं डबा-डबी ऱ्हाऊ दे. पाण्याचं लिहून घेतलं का?"

ते दुष्काळाचं वर्ष होतं. मुलींच्या बापांना मुलाचं शिक्षण नंतर, पाणी आधी कळायला हवं होतं. म्हणून मी मागाहून पत्ता नावाचा एक डबा वाढवला. त्यात गाव, घर आणि पाणी असे तीन कप्पे. पाण्याच्या कप्प्यात नळ, बोअर किंवा टँकर. टँकर लिहिलं की स्थळ गेलं. गावाच्या कप्प्यात तर काय विचारू नका. शहराचं नाव नुकतंच बदललं होतं. कुणी जुनं लिहिलं, कुणी नवं पूर्ण लिहिलं, कुणी तीन अक्षरांत संपवलं, आणि ज्यांचं गाव शहरापासून पार लांब होतं त्यांनीही, शहर वाढत वाढत आपल्यापर्यंत येणारच या भरवशावर, आत्ताच शहर लिहून टाकलं. मी ते सगळं एकसारखं करत बसलो. आणि करताना मला वाटत होतं, मी लोकांच्या आशा पुसतोय.

मग आक्का आली.

आक्का माझी थोरली बहीण. करमाडच्या पुढे राहते. आम्ही दोघं एकाच घोंगड्यावर वाढलो. मी शिकून शहरात आलो आणि ती मेंढरांमागे राहिली. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही, त्यामुळे मलाच ते रोज ऐकू येतं. तिचा मुलगा, माझा भाचा, तिशी ओलांडलेला. शेंद्र्याला ठेकेदाराकडे मिळेल तेव्हा कामाला जातो, नाहीतर मेंढरं आणि शेती. पोरगं सरळ, धडधाकट. दोन सोयरिकी ठरत आल्या आणि दोन्ही पाण्यावरून मोडल्या. तिसरी मोडली तर तो बिनलग्नाचाच राहणार, असं आक्काने मनाशी धरलं होतं.

ती सोफ्यावर बसली नाही. खाली फरशीवर बसली.

"आरं, ती पेटी तुझ्याच हातात हाये ना?"

"हो."

"मग पोराचा पत्ता तुझा टाक. ह्यो फ्लॅट."

"आक्का, ते खोटं होईल."

"कालेजला तुझ्याकडं ऱ्हात नव्हता का?"

"राहत होता की. पण ते कधी!"

"मग खोटं नाय. शिळं हाये."

स्वयंपाकघरातून माझी बायको म्हणाली, "अहो, टाका. आणि पाणी 'नळ, रोज' असं लिहा. वाचून आपल्यालाच जरा बरं वाटेल."

आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही त्याच्या मर्जीने. पण बहिणीपुढे माझं काही चालत नाही. भाच्याची नोंद मी हाताने, सगळ्यात शेवटी घातली. घर: उस्मानपुरा, फ्लॅट. पाणी: नळ, रोज. आक्का चहा प्यायली आणि गेली.

आता माझी चूक सांगतो. ती मी आजवर इतक्या लोकांना सांगितली आहे की बायको म्हणते, एकदा ती फ्लेक्सवर छापून चौकात लावा.

दर मुलासाठी नवी पेटी बनवायचा मला कंटाळा. म्हणून मी एक नमुना पेटी केली होती आणि तिची कॉपी काढून प्रत्येकाची माहिती भरत गेलो. कुटुंबाचा डबा मात्र दर वेळी नवा बनवत होतो, कारण तो पहिल्या दिवशी शिकलो होतो. पत्त्याचा डबा मागाहून आलेला. तो मी नमुना पेटीतच ठेवून दिला. आणि पायथनची साधी कॉपी फक्त पेटीची होते. आतला डबा तोच राहतो. बाहेरून पेट्या ढीगभर, पण सगळ्यांच्या आत पत्त्याचा डबा एकच! एका पेटीतून त्यात हात घालून काही बदललं की सगळ्यांचं बदलतं. शेवटी जे भरलं, तेच सगळ्यांचं.

शेवटी मी भाच्याचं भरलं होतं.

म्हणजे समाजातला झाडून प्रत्येक उपवर मुलगा माझ्या फ्लॅटमध्ये राहायला आला होता. मी तपासलं नव्हतं असं नाही. नावं बघितली, शिक्षण बघितलं, कुळं तर दोनदा बघितली. सगळं बरोबर. पत्ता बघितला नाही, कारण त्यात माझं पाप होतं आणि तिकडे बघवत नव्हतं. फाइल समितीला दिली. त्यांनी ज्याला त्याला वेगवेगळी स्थळं पाठवली, त्यामुळे सगळ्यांचा पत्ता एक आहे हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

आमच्यात मुलीची माणसं घर बघायला न सांगता जातात. सांगून गेलं तर शेजाऱ्याच्या सोफ्यावर बसवतात, हा सगळ्यांचा अनुभव. आक्काला हे ठाऊक होतं. म्हणून तिने रविवारी भाच्याला इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याकडे पाठवला. "राहत असल्यासारखा बस," असं सांगून.

त्या रविवारी आमच्या बिल्डिंगचा टँकर यायचा होता. तो आला, आणि बरोबर त्याच वेळी वरच्या टाकीचा पंप बंद पडला. भाचा इस्त्रीचा शर्ट काढून, बनियनवर, खालून कॅन वाहायला लागला. नुसते आमचे नाही, सगळ्या मजल्यांचे.

तेवढ्यात बेल वाजली. दारात टोपीवाले गृहस्थ, मागे त्यांची बायको.

"इंजिनेर मुलगा हितंच ऱ्हातो ना?"

मला वाटलं, आक्काने भाच्याला इंजिनियरही केलं. तिच्यापुढे काय बोलणार! मी त्यांना बसवलं. पुन्हा बेल. दुसरी मंडळी. त्यांना शिक्षक मुलगा हवा होता. तिसऱ्यांदा बेल वाजली तेव्हा दारात एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी. ती इथल्याच एका दवाखान्यात नर्स होती. त्यांना बँकेत काम करणारा मुलगा बघायचा होता.

बायकोने मला आत ओढलं. "अहो, आपल्या घरात राहतं तरी कोण कोण?"

मी लॅपटॉप उघडला आणि सगळ्या नोंदींचे पत्ते पडद्यावर काढून बघितले. उस्मानपुरा, फ्लॅट. नळ, रोज. उस्मानपुरा, फ्लॅट. नळ, रोज. यादी खाली सरकतच होती. बायकोने डोकावून बघितलं. ती एवढंच म्हणाली, "रोज पाणी आणि एवढी पोरं. मला कुणी विचारलंच नाही."

मी बाहेर आलो. सोफा भरला होता. खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात भाचा दोन्ही हातांत कॅन घेऊन दारात उभा. बनियन भिजलेलं, पायाला चिखल.

"मामा, सगळ्या मजल्यांचं भरलं. ह्ये कुठं वतू?"

टोपीवाल्यांनी मोबाइल बघितला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा मोबाइल बघितला. "ह्यो इंजिनेर?"

आक्काचा चेहरा समोर आला. एक वाक्य बोललो असतो तर तिसरी सोयरीक तिथेच बुडाली असती, आणि तसाच गप्प राहिलो असतो तर काय झालं असतं ते मला आजही कळत नाही. भाच्याने कॅन खाली ठेवले.

"मी इंजिनेर नाय. मी हितं ऱ्हातबी नाय. आमचं करमाडच्या पुढं. तिथं टँकर येतो."

"पण हितं नळ लिहिलाय. रोज."

"ते मामानं लिव्हलंय," असं म्हणून त्याने माझ्याकडे बोट केलं. मी वाढवलेलं पोर!

शिक्षक शोधायला आलेले पाहुणे खिडकीतून खाली बघत होते. ते म्हणाले, "नळ रोजचा, मग खाली उभाय तो कोण? वऱ्हाडाची गाडी?"

सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला आणि तो कुणीच हिशेबात धरला नाही. मग मी उभा राहून पेटी, डबा, कॉपी, सगळं सांगितलं. त्यांना कळलं नाही, पण मी माफी मागतोय एवढं कळलं. पहिली दोन्ही मंडळी उठली. टोपीवाले जाताना म्हणाले, "पाव्हणं, आमच्या गावालाबी टँकरच हाये. पण आमचा सांगून येतो."

तिसरे गृहस्थ चपला घालायला लागले. मुलगी बसूनच राहिली. तिने भाच्याला विचारलं, "गावात टँकर आला की पाणी भरतं कोण? बायका?"

"मी भरतो. आई मेंढरांना पाजती."

"आन बायको आल्यावर?"

"तवाबी मीच." त्याने जरा विचार केला. "तिला वाटलं तर पाइप धरंल."

ती हसली. तिचे वडील म्हणाले, "आगं चल, आपण बँकवाल्यासाठी आलोय."

"बँकवाला हाये कुठं, आबा? ह्यो तर समोर हाये. आन तीन मजले चढून आलाय."

आबा पुन्हा बसले. चपला घालूनच. "कूळ कोणतं?" भाच्याने सांगितलं. "मामाचं?" मी लॅपटॉपकडे हात नेला. आबांनी मला थांबवलं. "मशीन ऱ्हाऊ द्या. मामा समोर बसलाय की." मी माझं कूळ सांगितलं. माझ्या तोंडून त्या दिवशी निघालेली पहिली बिनचूक नोंद.

कुळं आड येत नव्हती. आबा उठताना एवढंच म्हणाले, "आधी ह्याचा पत्ता खरा करून आमच्याकडं पाठवा. खऱ्यावर बघू."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या त्या पोराने मला डीपकॉपी शिकवली. तिच्यात पेटीबरोबर आतले डबेही नवे होतात. त्याला हसू आवरत नव्हतं, आणि हसायचा त्याला हक्क होता. मी सगळे पत्ते पुन्हा भरले आणि अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "तू सगळ्या पोरांना फ्लॅट दिलास. आमच्या समितीला इतक्या वर्षांत ते जमलं नव्हतं."

फक्त भाच्याची नोंद मी मुद्दाम तशीच ठेवली होती. आक्का आल्याशिवाय मला ती खरी करवेना. भाच्याकडून सगळं ऐकूनच ती आली, पुन्हा फरशीवर बसली. मीही लॅपटॉप घेऊन खाली बसलो. गाव लिहिलं. घर: पत्र्याचं, स्वतःचं. पाण्यापाशी माझी बोटं थांबली.

"लिव्ह बाबा," आक्का म्हणाली. "टँकर."

मी लिहिलं. वाचता येत नसतानाही ती पडद्याकडे बघत राहिली.

"आन पाइप धरणारी, असं कुठं लिव्हायचं?"

"आक्का, तसा कप्पा नाही."

"मग कर की. तुला येतंय ना?"

मी पत्त्याच्या डब्यात एक नवा कप्पा केला. तो फक्त भाच्याच्या पेटीत आला. मी बाकीच्या सगळ्या एकेक करून उघडून बघितल्या.