एक्केचाळिसाव्या लिंगापाशी

पेपरात आपला फोटो यावा, ही माझी जन्माची इच्छा आमच्या सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर महाराजांनी पुरी केली. कर्ज थकवणाऱ्यांच्या जाहीर नोटिशीत आला, अगदी मिशीसकट. माझे टॉवेलचे चार माग होते. मी चाळीस सांगायचो. ते विकले गेले, मग बँकेनं घर ताब्यात घेतलं. घर गहाण आहे हे बायकोला मी सांगितलंच नव्हतं. तिला ते त्या पेपरातून कळलं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. पेपराची घडी पिशवीत घालून ती वैरागला भावाकडं निघाली. एसटीत चढताना एवढंच म्हणाली, "डोक्यावर पत्रा मिळाला की बोलवा. पण खरोखर मिळाला तरच."

मी एका मित्राच्या दुकानाच्या माळ्यावर झोपायचो आणि दिवसभर भाड्याची खोली शोधायचो. जुळे सोलापुरात एक लाख दारं वाजवली. बरं, लाख नसतील, पण चपलेचा जोड संपला हे खरं. घरमालक चहा पाजायचे, आधार कार्ड बघायचे आणि मग मिशीकडं बघायचे. सात रस्ता चौकातला एजंट म्हणाला, "मालक, तुमचं तोंड लई फेमस झालंय की! मिशी काढा." काढली. दुसऱ्या दिवशी एक घरमालक दारातच म्हणाला, "काढली व्हय? फोटोत बरी दिसत होती."

श्रावण लागला. सोलापूरभोवती महाराजांनी स्थापलेल्या अडुसष्ट लिंगांचं दर्शन आमच्याकडं लोक या महिन्यात अनवाणी घेतात. मी दरवर्षी स्कूटरवर पाच-सहा उरकायचो, घरी अडुसष्ट सांगायचो, आणि वर पायाला फोड आले म्हणून बायकोकडून तेल चोळून घ्यायचो. ती चोळायची. फोड कुठं दिसत नाहीत, हे तिला दिसत नसेल का? माळ्यावर पडल्या पडल्या ते तेल आठवलं, आणि सोमवारी पहाटे अनवाणी निघालो. काही मागायचं धाडस नव्हतं. नुसतं चालायचं ठरवलं.

एक्केचाळिसावं लिंग एका जुन्या घराच्या परसात, लिंबाखाली होतं. पाय टेकवेनात, तिथंच बसलो. घरची म्हातारी शेंगा सोलत होती. कानडी माणसं, शेजारीपाजारी तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणत होते. तिनं पाण्याचा तांब्या दिला.

"किती झाली, तम्मा?"

अडुसष्ट जिभेवर तयारच होतं. काय झालं ते मला आजही सांगता येत नाही, पण तोंडातून आलं, "एक्केचाळीस. पुढं जाववत नाही, अव्वा."

ती हसली. "हितं पाणी प्यायला बसणारा जो तो अडुसष्ट सांगतोय. एक्केचाळीस सांगणारा तू पैला."

मग मी थांबलोच नाही. माग, गहाण घर, फोटो, बायको, सगळं सांगितलं. अव्वाचे हात चालूच होते. "पेपरावर मी शेंगा वाळवते, वाचत न्हाय. मागं खोली हाय. पत्रा गळतो. मला आता वाकून लिंग धुता येत न्हाय. रोज धुशील? दिवा लावशील?"

"भाडं, अव्वा?"

"जमंल तसं दे. पण दिवा न लावता लावला म्हणलास, तर त्याच दिवशी बाहेर काढीन."

तिथूनच वैरागला फोन लावला. "खोली मिळाली."

"किती मजली?" बायकोनं विचारलं. बँकेच्या नोटिशीनं लागलं नव्हतं एवढं ते लागलं.

"एकच खोली. पत्रा गळतो. संडास बाहेर."

ती म्हणाली, "गळतो म्हणताय, म्हंजे खरी असंल."

दुसऱ्या दिवशी ती आली आणि आधी गळतीखाली बादली ठेवली.

महाराजांनी काय केलं यावर मी वाद घालत नाही. मला वाटतं, एका आकड्यापुरती माझी जीभ त्यांनी आपल्या हाती घेतली. मी इतकी वर्षं ती देत नव्हतो. सत्तावीस लिंगं अजून बाकी आहेत, किती झाली असं कुणी विचारलं तर एक्केचाळीसच सांगतो. तो पेपर बायकोच्या पिशवीत अजून आहे. सकाळी मी "दिवा लावला गं" म्हटलं की ती अजूनही उठून परसात डोकावते. मी रागावत नाही. तिनं बघावं, आणि तेव्हा दिवा तेवत असावा, एवढंच आता महाराजांकडं मागतो.