अख्ख्या पुलाचा फोटो

नदीकाठी कॅमेरा लावून बसणाऱ्यांच्या हाती फोटो थोडे लागतात, गोष्टीच जास्त! आमच्या पडवीत चहा पिणाऱ्या या तिघांच्या तर इतक्या, की एक सांगायला घेतली की दुसरी मधेच तोंड घालते.

तिघं म्हणजे माझी नात प्रियंका, तिचा दोस्त नीलेश आणि भातसानगरला धरणावर नोकरी करून रिटायर झालेले वाघसाहेब. सापगावच्या खालच्या अंगाला जुना दगडी पूल आणि त्याला लागून घाट, आमच्या अंगणासमोरच. पूल पाडायचं ठरलं. त्याआधी तिन्हीसांजेचा अख्खा, साफ फोटो मिळावा म्हणून प्रियंकाचा जीव टांगणीला! "आजी, पूल गेल्यावर लोकांना काय दाखवू?"

*

पहिल्या शनिवारी घाटावर एक बाई कपडे आपटत होती. वाघसाहेब ओरडले, "ताई, जरा बाजूला व्हा, फोटो काढतोय!" बाई जराशीच सरकली, फोटोच्या चौकटीतच राहिली. फोटोत पूल धूसर, आणि बाई नाय, कपडे नाय. नीलेश म्हणाला, "कॅमेरा फोटो सावकाश घेतो, ती हलली असेल, म्हणून नाय आली." खाली जाऊन बघितलं तर ती कपडे आपटत होती ती पायरी ओलीचिंब. नदी सात पायऱ्या खाली!

*

वाघसाहेबांना कशाची भीती नाय. "धरणावर नाइट ड्युटीत जन्म गेला माझा!" एकदा पुलाच्या कमानीखाली दोन डोळे चमकले आणि साहेब एक चप्पल टाकून थेट आमच्या अंगणात! मागनं प्रियंका हसत आली. "अहो काका, आमची म्हैस ती, चंद्री! दूध हिचंच पिता तुमी!"

सगळे पोट धरून हसले. मी नाय हसले. चंद्री गोठ्यात रवंथ करत होती. मीच बांधून आले होते.

*

हा कॅमेरा अर्धा-अर्धा मिनिट डोळा उघडा ठेवतो. चालणारं माणूस त्यात येत नाय, हातातला उजेड तेवढा रेघ होऊन येतो. प्रियंका बॅटरी घेऊन पुलावरून चालत गेली. फोटोत रेघा दोन!

नीलेश म्हणाला, "काचेतली चमक आहे."

मी म्हटलं, "अरे, बॅटरी हिनं छातीशी धरलेली. ही दुसरी रेघ गुडघ्यापाशी आहे. कंदील असा धरतात."

तोही फोटो फुकट गेला. नीलेशनं त्या दिवशी चहा अर्धाच प्याला.

*

मग शेवटची संध्याकाळ. पलीकडे पूल फोडायची मशीन येऊन उभी. कॅमेऱ्याचं घड्याळ बिघडलेलं, म्हणून बटण हातानं दाबून धरायचं आणि उजेड कमी म्हणून या वेळी साठ मोजून सोडायचं.

"मोबाइल नको, उजेड पडेल," वाघसाहेब म्हणाले. "आजी, तुमी मोजा."

मी शाळा बघितली नाय. मला वीसपर्यंतच येतं. वीस झाले की एक बोट मुडपायचं. साठ म्हणजे तीन विसा.

प्रियंकानं बटण दाबलं. पहिली वीस झाली. दुसऱ्या विसात बारावर मला असा खोकला आला! प्रियंकानं बटण तसंच दाबून धरलेलं. उजेड चाललेला. हा फोटो हुकला तर सकाळी पूलच नाय.

"तेरा, चौदा, पंधरा..." घाई नाय, दम लागलेला नाय. वीस. मग परत एकपासून वीस. "झाल्या तीन विसा. सोड गो!"

प्रियंकानं बोट उचललं. फोटो उघडला. अख्खा पूल, कमान न् कमान, पाण्यातल्या सावलीसकट! पोरगी रडायलाच लागली.

"वा आजी!" वाघसाहेब म्हणाले. "एवढ्या खोकल्यातही आकडा चुकला नाय तुमचा!"

बाराच्या पुढचं मी एकही मोजलं नव्हतं. माझ्या तोंडाला पाण्याचा तांब्या होता.