लाल-निळी पेन्सिल
काल मुलीच्या कंपासपेटीत लाल-निळी पेन्सिल दिसली आणि पिरंगुटच्या त्या छोट्या रेडिओ केंद्रातली कुबट वासाची खोली आठवली. दुपारच्या चर्चेसाठी श्रोत्यांचे फोन मी घ्यायचे. तेव्हा विषय नव्या रस्त्याचा होता. बाजूने बोलणाऱ्यांची नावं निळ्या टोकाने लिहायची, विरोधातली लाल टोकाने; त्या यादीवरूनच एकेक फोन कार्यक्रमात जोडला जायचा. एकदा रिहे गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा फोन आला. "रस्ता लई ब्येस झालाय, पर खोदताना आमच्या वाडीची पाण्याची लाइन तोडली. दोनी सांगायचंय." मी विचारलं, "बाबा, बाजूने लिहू की विरोधात?" "दोनी खरं हाय की, ताई." अशा माणसासाठी माझ्या पेन्सिलीला टोकच नव्हतं. त्यांना थांबायला सांगितलं. कार्यक्रम संपला तरी ते जाहिरातीचं गाणं ऐकत फोनवरच होते. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी विचारायच्या आतच ते म्हणाले, "विरोधात लिवा." पहिला फोन त्यांचाच जोडला. ते भरपूर बोलले, फक्त रस्ता चांगला झालाय हे बोलले नाहीत. मुलीने हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आई, ते नक्की कुणाच्या बाजूचे होते?"