मानेवरचं पाखरू

माझी भावजय मार्था हिच्याइतकी हट्टी बाई मी नगरमध्ये दुसरी पाहिली नाही, आणि मी शाळेत शिकवत असल्यामुळे हट्टी माणसांची पारख करण्याचा मला पगारच मिळत होता. वहिनी बोलायची कमी. पण एकदा 'नाही' अशी मान हलवली की पुढं कुणी डोकं आपटलं तरी उपयोग नसायचा.

माझा भाऊ यशया शिंपी. लढाईच्या वर्षांत त्यानं छावणीतल्या ठेकेदारासाठी खाकी विजारी शिवल्या, इतक्या की आमच्या भाकरीतही खाकी दोरे निघायचे. पंचेचाळीस साली लढाई संपली आणि मशीन गप्प झालं. जगात शांतता आली म्हणून आम्ही मिशनच्या देवळात जाऊन देवाचे आभार मानले, आणि घरी येऊन पाहतो तर चुलीतही शांतताच. माझ्या पगारात तिघांचं भागेना. शेवटी वहिनीनंच तोड काढली. तान्ह्या मुलांची अंगडी-टोपडी शिवायची आणि तयार मालच कापडदुकानदारांना द्यायचा. कापडावर तेव्हा कंट्रोल होतं, सलग ठाण मिळायची मारामार. पण तान्ह्या लेकराला कापड लागतं किती? कटपिसातसुद्धा त्याचं अंगडं बसतं.

सोनईचा राधाकृष्ण नावाचा कापडदुकानदार माल न्यायला नगरला यायचा. त्यानं नमुने पाहिले, शिवण ओढून पाहिली, आणि माल झकास आहे पण त्याला काही खूण पाहिजे, असं म्हणाला. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा आलं तर काय सांगून मागणार? यशयाला वाटलं, आपलं नाव घालावं. राधाकृष्ण हसला. गावात वाचतंय कोण, चित्र घाला, असं त्याचं म्हणणं पडलं. खरी अडचण वाचण्याची नव्हतीच. यशया हे नाव वाचलं की शिवणारा ख्रिस्ती आहे, म्हणजे मूळचा कोण आहे, हे कळलं असतं, आणि मग ते अंगडं कुणी लेकराला घातलं नसतं. ते राधाकृष्ण बोलला नाही, आम्हीही विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाकीचे दुकानदार शाईचा शिक्का मारत, नाहीतर कागदाचं तिकीट चिकटवत. वहिनीला दोन्ही पसंत नव्हतं. शिक्का पहिल्या धुण्यात जातो आणि कागद लेकरू तोंडात घालतं. तिला विणलेली पट्टी हवी होती. लग्नाआधी ती मिशनच्या शाळेत विणकाम शिकली होती, आणि नाड्या विणायचा तिचा अरुंद माग बाजेखाली धूळ खात पडला होता. तो तिनं बाहेर काढला. चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक दोरा, असं धरून ती चित्रं काढायला बसली. कमळ काढलं, ते कोबीचा गड्डा दिसलं. दिवा काढला, त्याला मी वांगं म्हणाले. मग तिनं कबुतर काढलं आणि ते पहिल्याच खेपेला जमलं. त्याची मात्र मला थट्टा करवली नाही.

कारण ते कबुतर आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीचं होतं. दीना ही यशयाची आणि वहिनीची एकुलती एक मुलगी. बायबलातल्या मोठ्या पुरात तारवातून सोडलेलं कबुतर परत येऊन म्हाताऱ्याच्या हातावर बसतं, ही गोष्ट तिला फार आवडायची. गोष्ट संपली की ती खिडकीतून हात बाहेर काढून बसायची. पाखरू येईल म्हणून वाट पाहायची, हात भरून आला की दुसरा काढायची. बेचाळीस साली घटसर्पानं ती गेली. त्यानंतर यशयानं तिचं नाव तोंडातून काढलं नाही. दुसऱ्या कुणी काढलं तर तो उठून जायचा. वहिनीही बोलायची नाही. आता मात्र ती एकेक चौकट भरत होती.

कबुतरच का, असं यशयानं विचारलं. जमलं म्हणून, ती म्हणाली. तो उठून मशीनवर जाऊन बसला.

पहिली पट्टी तिनं निळ्यावर पांढऱ्या दोऱ्यानं विणली. मग तिला तेल चोळून धुऊन पाहिलं, कारण तान्ह्या लेकराच्या अंगाला सदा तेल. पांढरं पाखरू पिवळं पडलं. म्हणून तिनं राखाडी दोरा घेतला. पट्टीची टोकं आत दुमडली तरी कोवळ्या कातडीला टोचतील, म्हणून पट्टी आतून न लावता बाहेरून लावायची ठरली, मागं, मानेखाली. एवढा विचार मुंबईच्या कुठल्या कंपनीनं केला असेल असं मला वाटत नाही. आणि त्या विचारानंच आमचा घात केला.

पहिलं गाठोडं सोनईला गेलं आणि काही दिवसांनी राधाकृष्ण स्वतःच ते परत घेऊन आला. चहा नको म्हणाला. सोनईत छबूबाई म्हणून एक म्हातारी होती. तिच्या नातवाच्या बारशाला आमचं अंगडं घातलं. लेकराला खांद्यावर घेतलं, तशी जमलेल्या बायांना त्याच्या मानेवरचं राखाडी पाखरू दिसलं. संध्याकाळी लेकराला ताप भरला. छबूबाईनं अंगडं चुलीत घातलं, आणि गावात ज्यांनी ज्यांनी घेतलं होतं त्यांनी ते दुकानात आणून टाकलं.

"घरावर पारवा बसला तरी लोक शांती करत्यात, यशयाभाऊ," राधाकृष्ण म्हणाला. "तुमी तर त्यो लेकराच्या मानंवर बसवला."

पारवा घरावर बसला की घर ओस पडतं, हे शेजारच्या खेड्यातलं शेंबडं पोर सांगेल. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. आमच्या आजीला नक्की ठाऊक असणार. पण बाप्तिस्मा घेतल्यावर तिनं शकुन-अपशकुन असे काही गाडून टाकले की आम्हा नातवंडांना ते कुठं पुरलेत तेही समजलं नाही. आम्ही मिशनच्या कंपाउंडात वाढलो. आमचं कबुतर शांती घेऊन येत होतं.

राधाकृष्ण वाईट माणूस नव्हता. पाळण्यावर राघू टांगतात, तसा राघू घाला, मी पुन्हा माल नेतो, असं तो म्हणाला. यशया लगेच कबूल झाला. वहिनीनं मान हलवली.

पुढचे दिवस वाईट गेले. गाठोडं कोपऱ्यात पडून होतं आणि नवरा-बायको त्याला वळसा घालून जात होती. यशया मिनतवाऱ्या करून दमला, मग चिडला, मग बोलेनासा झाला. मी वहिनीच्या बाजूनं होते. शिकलेली ना मी! अंधश्रद्धेपुढं वाकायचं नाही, असं मी दोघांना रोज ऐकवायचे. माझ्या व्याख्यानानं भात शिजत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

एक दिवस वहिनी म्हणाली, मी सोनईला जाऊन ते लेकरू बघून येते. ते जगलं की नाही हे समजल्याशिवाय तिला घास गिळवत नव्हता. मी सोबत गेले. घोडेगावापर्यंत मोटार आणि पुढं बैलगाडी. आम्ही कोण ते सांगितल्यावर छबूबाईनं आम्हाला ओट्याच्या कडेला बसवलं आणि प्यायला पाणी वरून ओंजळीत ओतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वहिनी निमूट पाणी प्यायली. तिचं लक्ष म्हातारीच्या मांडीवर होतं. लेकराचा ताप उतरला होता, कपाळाला काजळाची तीट होती, आणि ते मूठ चोखत पडलं होतं.

मग वहिनी बोलायला लागली. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ते पाखरू मी विणलं, ती म्हणाली. आमच्यात ते वाईट नसतं. माझी मुलगी त्याच्यासाठी खिडकीतून हात काढून बसायची. ती गेली, म्हणून मी ते घातलं.

छबूबाईनं सगळं ऐकून घेतलं. ती भांडेल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ती भांडली नाही. लेकराला तिनं छातीशी धरलं.

"माझीबी दोन गेली," ती म्हणाली. "पर बाई, तुझं दुख तू माझ्या नातवाच्या मानंवर कशापाई बांधलंस?"

उठताना वहिनीनं लेकराच्या तळपायाला एक बोट लावलं, आणि म्हातारीनं ते लावू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं गाठोडं सोडलं आणि एकेका अंगड्यावरचं पाखरू कात्रीच्या टोकानं उसवायला घेतलं. मग मागावर राघू चढले, हिरवे, लाल चोचीचे. राधाकृष्ण माल घेऊन गेला आणि तो खपला. आमची चूल त्या राघूनंच चालवली, तरी मला तो कधी आवडला नाही. जाडा, स्वतःवर खूश असलेला पक्षी.

उसवलेली पाखरं ती चुलीत घालेल असं मला वाटलं होतं. तिनं त्यातलं एक उचललं आणि आपल्या पोलक्याला मागं, मानेखाली, आतल्या बाजूनं शिवायला घेतलं. टोचेल की गं, मी म्हणाले.

"टोचू दे," ती म्हणाली.

समोर यशयाचं मशीन चाललं होतं. चाकावर हात ठेवून त्यानं ते थांबवलं. अंगातला सदरा काढला आणि तो तिच्या मांडीवर आणून ठेवला.

"दीनाचं एक माझ्याही मानेला लाव," तो म्हणाला.

ते नाव त्या घरात इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून ऐकलं. वहिनीनं सुईत दोरा ओवायला घेतला. तो तिला काही केल्या ओवता येईना, म्हणून मी ओवून दिला.