काल्मान शिपोशचं दुसरं शहर

काल्मान शिपोश छप्पन सालच्या थंडीत सरहद्द ओलांडून व्हिएन्नात आला, तेव्हा त्याच्या अंगावर मोठ्या भावाचा कोट होता आणि खिशात कात्री. बुडापेस्टच्या रस्त्यांवर रशियन रणगाडे फिरत होते, त्यामुळे निघताना शहराचा नीट निरोप घेणं काही जमलं नसावं. तो निरोप त्याने पुढे आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, बायकांचे केस कापता कापता, तीसेक वर्षं सावकाश घेतला.

मी त्या बिल्डिंगची देखरेख करते. फाटकाच्या किल्ल्या सांभाळणं आणि कोण कुणाकडे किती वेळ बसलं हे पाहणं, ही माझी कामं. दुसऱ्या कामाचा पगार मिळत नाही, पण मी ते जास्त मन लावून करते. काल्मानचं दुकान माझ्या दारासमोरच होतं, त्यामुळे बुडापेस्ट मी न जाता पाहिलं.

"बुडापेस्टात," असं म्हणून तो सुरू व्हायचा आणि खुर्चीतली बाई डोळे मिटून घ्यायची. डोक्याला रोलर लावलेले असताना पळून जाता येत नाही. "बुडापेस्टात नदी शहराच्या मधून वाहते. तुम्ही डॅन्यूबला घराबाहेर ठेवलंय, ओल्या छत्रीसारखं. आमचे म्हातारे गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसून बुद्धिबळ खेळतात. तुमचे म्हातारे? खिडकीत उशी घेऊन बसतात आणि कुणी कागद टाकला तर पोलिसांना कळवतात."

त्याच्या बोलण्याला पुरून उरणारं एकच गिऱ्हाईक होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या श्रीमती प्राखनर. त्यांचे यजमान सरकारी सल्लागार होते. ते वारले, पण पदवी घरातच राहिली, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना सल्लागारीणबाई म्हणत. दर शुक्रवारी त्या केस करून घ्यायला खाली येत.

"शिपोश, तुमच्याकडे गुलाश म्हणजे पातळ सूप असतं ना?" त्या विचारत. "आम्ही निदान ते आटवून खाण्यासारखं केलं."

"बिघडवलंत, बाईसाहेब."

"मग तुम्ही परत जात का नाही?"

"पकडतील मला."

हे कारण सुरुवातीला खरं होतं. नंतर तिकडच्या सरकारने माफी दिली, त्याच्यासारखे पळून आलेले कितीतरी जण आईला भेटून, सॉसेज घेऊन परतले, तरी काल्मानचं कारण जागचं हललं नाही. त्याची बहीण इर्मा एकदा भेटायला आली, तेव्हा तिने दुकानात सगळ्यांसमोर सांगितलं, "कोण पकडणार तुला? कात्री घेऊन पळालास, तोफ नव्हे."

काल्मान म्हणाला, "सरकारचा काय भरवसा."

एकोणनव्वद साली सरहद्दीवरचं काटेरी कुंपण कापलं, आणि थोड्याच दिवसांत ते सरकारही राहिलं नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी सल्लागारीणबाई केस वाळवायच्या टोपाखाली बसल्या होत्या. तो टोप त्यांनी हाताने वर केला आणि विचारलं, "शिपोश, आता कोण पकडणार तुम्हाला?"

काल्मानने कंगवा पुसला. मग पुन्हा पुसला. स्वातंत्र्याने इतका अडचणीत आलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गल्लीने त्याला सोडलं नाही. व्हिएन्नात कुणी कुणाला जा म्हणत नाही, फक्त गाडी किती वाजता आहे ते विचारतात. वसंतात त्याने दुकान सोडलं. स्टेशनवर सगळी गल्ली गुलाब घेऊन हजर होती. ज्यांनी इतक्या वर्षांत त्याला एकदाही घरी बोलावलं नव्हतं, ते डोळे पुसत होते.

पुढचे काही महिने सल्लागारीणबाईंचे केस शहरातल्या कुठल्याच दुकानात नीट बसेनात. शेवटी त्या मला म्हणाल्या, "पोल्डी, बॅग भरा. आपण बुडापेस्टला जाऊ, केस करायला."

इर्मा आम्हाला तिच्या घराजवळच्या सलूनमध्ये घेऊन गेली, तिथे काल्मान सापडला. दाराजवळची, वाऱ्याची खुर्ची त्याला दिली होती. तो एका जाड्या बाईचे केस विंचरत बोलत होता. मला हंगेरियन येत नाही, पण दर वाक्यात व्हिएन्नाचं त्यांच्या भाषेतलं नाव येत होतं, आणि ती बाई डोळे मिटून बसली होती.

"काय सांगतोय?" मी इर्माला विचारलं.

"व्हिएन्नात कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास येतो, तोही ट्रेमध्ये. व्हिएन्नात ट्राम वेळेवर येते. व्हिएन्नात कुणी कुणाच्या भानगडीत पडत नाही." इर्माने कपाळावर हात मारला. "जेवायला बसलं की व्हिएन्ना, झोपायला गेलं की व्हिएन्ना. घेऊन जा याला, पोल्डी."

आम्हाला पाहून काल्मान लाल झाला. सल्लागारीणबाईंचा हात हातात घेऊन त्याने चुंबला आणि त्यांना खुर्चीत बसवलं.

"सुखात आहात ना?" बाईंनी आरशातून विचारलं.

"इथे सगळे विचारत बसतात, बाईसाहेब. लग्न का नाही केलं, दात कुठे बसवले, रात्री दिवा का चालू होता. माझं शहर असं नव्हतं."

"असंच असणार. तुम्ही तेव्हा विशीत होता. विचारण्यासारखं काही नसेल तुमच्याकडे."

काल्मान केस ओले करू लागला. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "सकाळी ट्राममध्ये एक म्हातारी माझ्यावर ओरडली. गळ्याला पातळ रुमाल होता म्हणून असावं. तिने स्वतःच्या हाताने तो घट्ट बांधला आणि अर्धा खसखशीचा रोल माझ्या हातात कोंबला. एक अक्षर कळलं नाही मला." त्या थांबल्या. "साहेब गेल्यापासून माझ्यावर कुणी रागावलं नव्हतं, शिपोश."

आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना फार आदराने वागवत. म्हणजे नेमकं काय करत, हे मला तिथे ड्रायरला टेकून उभी असताना पहिल्यांदा दिसलं.

आम्ही दोन दिवसांसाठी आलो होतो. मी परतले, बाई इर्माकडे आठवडाभर राहिल्या, मग महिना. इर्माला बाजारात लागण्याइतकं जर्मन येत होतं, आणि रागावायला तेवढं पुरतं. "हे काय जेवण झालं? चिमणी आहात का? ताट पुसा." बाई ताट पुसत. रोज सकाळी दोघी गरम पाण्याच्या हौदात जाऊन बसत. दिवंगत सरकारी सल्लागारांची पत्नी पोहण्याच्या कपड्यांत, अनोळखी पुरुषांमध्ये. आमच्या गल्लीला ही बातमी महिनाभर पुरली.

नाताळाच्या आधी काल्मान परत आला. बाईंनीच त्याला पाठवलं, घर रिकामं राहू नये म्हणून. तो त्यांच्या दुसऱ्या मजल्यावर राहू लागला, त्या इर्माकडच्या त्याच्या खोलीत राहू लागल्या. पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर कोट झटकत तो म्हणाला, "बुडापेस्टात बघा, पोल्डीबाई..." मी दार लावून घेतलं.

बाईंची एकच अट होती. "राहायला बुडापेस्ट ठीक आहे," त्या म्हणाल्या होत्या, "पण पुरायचं व्हिएन्नातच, साहेबांशेजारी. तिकडे लोक फार रडतात, फुलांची मांडणी विस्कटते."

काही वर्षांनी त्या तिकडे झोपेतच गेल्या आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे इकडे आल्या. जुन्या थाटाच्या अंत्ययात्रेसारखे सहा घोडे नव्हते, पण काळ्या हातमोज्यांतले सहा गडी होते, आणि सगळं कसं देखणं चाललं होतं. एवढ्यात इर्माने हंबरडा फोडला. आमच्या लोकांनी अदबीने बुटांकडे पाहिलं.

काल्मान तिच्या कानाशी म्हणाला, "इथे असं रडत नाहीत, इर्मा."

"म्हणून तर ती इथे राहत नव्हती," इर्मा म्हणाली.

मग काल्मानही रडायला लागला, बहिणीपेक्षा मोठ्याने, आणि खरोखरच दोन हार खाली पडले.

इर्माला गाडीत बसवून तो दुपारी माझ्या दारात आला. टोपी हातात होती.

"पोल्डीबाई, इतकी वर्षं कधी विचारलं नाही. तुमचे यजमान कुठे असतात?"

मी त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, आणि तो मेला कुठल्या बाईबरोबर कसा पळाला ते लग्नाच्या बोलणीपासून सांगायला सुरुवात केली. बिचाऱ्याला वाटलं असेल, दोन वाक्यांत आटपेल.