लाइप्झिगच्या खोलीचे डिपॉझिट

ऑस्वाल्ड तुस्कानो आमच्यापासून चार घरे सोडून राहतो, मेलबर्नच्या पॉइंट कुकमध्ये. वय साठ, मूळ वसईचा. तिथल्या एका सहकारी बँकेत त्याने बावीस वर्षे काढली, त्यातली शेवटची नऊ पासिंग ऑफिसर म्हणून, म्हणजे चेक तपासून पास करणारा अधिकारी. पत्नी विनिफ्रेडला २००८ साली नर्स म्हणून इथला व्हिसा मिळाला, तेव्हा नोकरी सोडून तो तिच्याबरोबर आला. आता जवळच लॅव्हर्टनच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघतो. विनिफ्रेड वृद्धाश्रमात नर्स आहे.

ऑस्वाल्डचा एक नियम आहे. पत्ता बदलला की बँकेला त्याच आठवड्यात कळवायचे. वसईला असताना पत्ता न कळवणाऱ्या खातेदारांना तो काउंटरवर सगळ्यांदेखत ऐकवायचा. २०२०च्या जुलैअखेरीस हा नियम त्याने मुलीला पाळायला लावला.

मुलीचे नाव मेरिल. सव्वीस वर्षांची. इथेच क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत शिकली, मग दोन वर्षे आयर्लंडमध्ये कॉर्कच्या एका लॅबमध्ये होती आणि जुलैत जर्मनीला, लाइप्झिगला, नव्या नोकरीसाठी गेली. पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी ऑस्वाल्डने फोनवर विचारले, "आयर्लंडच्या बँकेला पत्ता कळवलास?"

"डॅडी, मला अजून घरच नाही. लॅबच्या गेस्टरूममध्ये आहे मी."

"मग गेस्टरूमचा दे. तू कॉर्कला राहत नाहीस ना? मग तो पत्ता ठेवणं म्हणजे खोटी माहिती झाली."

"असं कोणीच करत नाही, डॅडी. रिअली."

"कोणी करत नाही म्हणून तर बँकेतल्या माणसांचे हाल होतात."

मेरिलने पत्ता कळवला. चौथ्या दिवशी बँकेचे उत्तर आले: नव्या पत्त्याचा सरकारी पुरावा पाठवा, तोपर्यंत खात्यातून पैसे काढता येणार नाहीत. कार्ड त्याच दुपारी बंद पडले. तिची दोन वर्षांची सगळी बचत त्या खात्यात होती.

सरकारी पुरावा म्हणजे लाइप्झिगच्या नगरपालिकेतली रहिवासाची नोंद. गेस्टरूमवर ती होत नाही, भाड्याचा करार लागतो. करारासाठी डिपॉझिट लागते, तेही बँकेतूनच. जर्मन बँकेत खाते उघडायला गेली, तर तिथे पहिला कागद मागितला तो नगरपालिकेच्या नोंदीचा. मोबाइलवरच्या एका नव्या बँकेनेही तोच मागितला. शिवाय ही नोंद ऑगस्टअखेर दाखवली नाही तर नोकरी दुसऱ्या उमेदवाराला जाईल, असे लॅबने लेखी कळवले होते.

"सगळीकडे युरोच चालतो ना? मग एवढं काय अडतं?" मी त्याला विचारले होते.

"अरे, नोटा सारख्या असल्या म्हणून बँका सारख्या होत नाहीत," ऑस्वाल्ड म्हणाला. "आपल्याकडे शाखा बदलायला एक अर्ज पुरायचा. इथे देश बदलला की तुझा जन्मच पुन्हा सिद्ध करायचा."

त्या वेळी मेलबर्नमध्ये कोविडमुळे चौथ्या टप्प्याचे निर्बंध होते. रात्री आठनंतर संचारबंदी, घरापासून पाच किलोमीटरची मर्यादा, कोणाच्या घरी जायची बंदी. दिवसातून एक तास, एका माणसाबरोबर फिरायला मात्र परवानगी होती. मी आणि ऑस्वाल्ड मास्क लावून खाडीकाठच्या वाटेवर फिरायचो. ही हकिकत मला तिथे त्याच्याकडून कळली. विनिफ्रेडने माझ्या पत्नीला फोनवर सांगितली ती थोडी वेगळी होती. दोन्ही जुळवून लिहितो आहे.

मेरिलला अखेर एक खोली मिळाली. मालकीण फ्राऊ लेमान, सत्तरीच्या बाई. डिपॉझिट तेराशे पन्नास युरो. वडिलांनी ऑस्ट्रेलियातून परस्पर पाठवले तर चालतील, असे त्यांनी मान्य केले. पैसे उशिरा पोचले तरी हरकत नव्हती, पण ते ऑस्ट्रेलियातून सुटल्याचे बँकेचे पत्र शुक्रवारी, चौदा ऑगस्टला, दुपारी बारापर्यंत हातात हवे. बारानंतर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला. तिथले बारा म्हणजे आमच्याकडचे रात्रीचे आठ. गेस्टरूमची मुदत शनिवारी संपत होती.

ऑस्वाल्डने बुधवारी दुपारीच पैसे पाठवले. पावतीची प्रत काढली, फाइलला लावली आणि निश्चिंत झाला.

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला मेरिलचा मेसेज आला. फ्राऊ लेमान पावती मानत नाहीत, त्यात पैसे प्रक्रियेत आहेत एवढेच लिहिले आहे. बँकेचे पत्र कुठे आहे? ऑस्वाल्डने कॉम्प्युटर लावून खाते उघडले. व्यवहारासमोर लाल अक्षरांत लिहिले होते: रोखून ठेवला आहे, संपर्क साधा.

बँकेचा बुधवारी एकदा आणि गुरुवारी दोनदा फोन येऊन गेला होता. नंबर दिसत नसल्यामुळे ऑस्वाल्डने तो घेतला नव्हता. अनोळखी फोन घेऊ नका, असे याच बँकेचे पत्रक फ्रिजवर लावलेले होते.

त्याने फोन लावला. तुमच्या आधी एकतीस ग्राहक आहेत, असे रेकॉर्ड केलेल्या आवाजाने सांगितले. फोन स्पीकरवर ठेवून तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसला. शेजारी दुसरा फोन, मेरिलसाठी. तेवढ्यात विनिफ्रेड ड्यूटीवरून आली. गॅरेजमध्ये कपडे बदलून, अंघोळ करून ती आत येईपर्यंत साडेसहा वाजले.

"काय झालं?"

त्याने सांगितले. ती समोरच्या खुर्चीवर बसली. मास्कच्या दोऱ्यांचे वळ तिच्या गालांवर उमटलेले होते.

"मग राहू दे," ती म्हणाली.

"काय राहू दे?"

"पैसे. बँकेने अडवलेत ना? अडवू देत. खोली गेली, नोकरी गेली, तर येईल घरी. चौदा दिवस हॉटेलात बसवतील, बसू दे. पण येईल."

"विनी, एवढं शिकून—"

"आज आमच्याकडे दोघं गेली. एका आजोबांचा मुलगा पर्थमध्ये, एका आजींचा इथेच, जिलाँगला. दोघांनाही मुलगा दिसावा म्हणून मी टॅबलेट समोर धरला. माझा हात दुखला धरून धरून. तुला कळतंय का मी काय म्हणते? उद्या तू असशील किंवा मी असेन. किंवा ती असेल तिकडे, आणि टॅबलेट कोणीतरी लेमान धरेल."

फोनमधला आवाज म्हणाला, तुमच्या आधी चौदा ग्राहक आहेत.

सात वाजून दहा मिनिटांनी एक बाई फोनवर आली. नाव डॉना. नाव, जन्मतारीख, पत्ता विचारून झाल्यावर ती म्हणाली, "मिस्टर तुस्कानो, हा व्यवहार आमच्या फसवणूकविरोधी विभागाने थांबवला आहे. ज्यांना पैसे पाठवताय, त्यांना तुम्ही भेटलाय का?"

"नाही."

"त्यांच्याशी बोललाय?"

"नाही. त्यांना इंग्लिश येत नाही."

"खोली पाहिलीये?"

"माझ्या मुलीने पाहिलीये."

"मुलीचं स्वतःचं खातं आहे का युरोपात?"

"आहे, पण ते बंद करून ठेवलंय."

डॉना म्हणाली, "सर, रागावू नका. तुमचं वय साठ. परदेशातली मुलगी अडकलीये, तिचं खातं अचानक बंद पडलंय, एका अनोळखी बाईला तातडीने पैसे हवेत आणि त्याला आजचीच मुदत आहे. असे या आठवड्यातले माझ्याकडचे हे सहावे. आधीच्या पाच जणांचे पैसे परत येणार नाहीत."

हे मला सांगताना ऑस्वाल्ड वाटेत थांबला होता. "गुरुदत्त, मी तिच्या खुर्चीत असतो ना, तर मीही अडवले असते. एक शब्द चुकीचा बोलली नाही ती."

"शेवटचं विचारते," डॉना म्हणाली. "बुधवारपासून मुलीचा आवाज ऐकलाय तुम्ही? की सगळे मेसेजच?"

ऑस्वाल्डने आठवून पाहिले. सोमवारी बोलणे झाले होते. त्यानंतर सगळे मेसेज. फ्राऊ लेमानच्या खात्याचा नंबरही मेसेजमधूनच आलेला. त्याने दुसऱ्या फोनवरून मेरिलला लावले. रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावले. पुन्हा तेच. विनिफ्रेड उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मुलीला घरी आणायचे, हे आता तिच्याही डोक्यात नव्हते.

"उचल गं बाई," ती म्हणाली. "उचल."

डॉना म्हणाली, "मी लाइनवर आहे, सर. नो वरीज."

तिसऱ्या वेळी फोन उचलला गेला. पडद्यावर मेरिल, मागे एक जिना आणि पांढऱ्या केसांच्या एक बाई.

"डॅडी! ट्राममध्ये होते. मी तिच्या दारात उभी आहे आणि ती दर मिनिटाला घड्याळ बघतेय. लेटर कुठंय?"

विनिफ्रेडने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"बँकेने थांबवलंय. तुझा आवाज ऐकायचाय त्यांना. फसवणूक वाटतेय त्यांना."

"व्हॉट? बुधवारपासून थांबवलंय आणि तू आत्ता सांगतोयस?"

"त्यांचा फोन मी घेतला नाही. नंबर दिसत नव्हता."

"ओ माय गॉड, डॅडी! आधी पत्ता कळव, पत्ता कळव करून माझं अकाउंट बंद पाडलंस. आता नियम पाळून फोन नाही घेतलास. तुझ्या नियमांनी मी रस्त्यावर येणार आहे!"

"नीट बोल. ऐकतायत त्या."

"ऐकू देत! हॅलो, बँक? हे माझे वडील आहेत. वसईच्या बँकेचे पासिंग ऑफिसर. आता तरी पास करा म्हणावं!"

हे शेवटचे ती इंग्लिशमध्ये म्हणाली. डॉनाच्या बाजूने हसू दाबल्यासारखा आवाज आला. तेवढ्यात विनिफ्रेड पुढे वाकली.

"मेरिल, माझं ऐक. सोड ती खोली. घरी ये."

"मम्मी, प्लीज. नॉट नाऊ."

"नाऊ नाही तर कधी? मी रोज काय बघतेय तुला माहितीये?"

पडद्यावर मागच्या बाईंनी पुन्हा मनगटाकडे पाहिले. डॉनाला शब्द कळत नव्हते, पण सूर कळला असावा.

"मिस्टर तुस्कानो, हे मला विचारावंच लागतं. या व्यवहाराबाबत तुमच्यावर कोणी दबाव आणतंय का?"

"हो," ऑस्वाल्ड म्हणाला. "माझी बायको. पण पाठवू नका म्हणून."

या वेळी डॉना उघड हसली. मग गंभीर झाली. "हरकत नाही. बोलणारी तुमचीच मुलगी आहे, याबद्दल माझी खात्री पटलीये. ठगांच्या माणसाने तुम्हाला 'सर, सर' केलं असतं, असं झापलं नसतं. आता निर्णय तुमचा. मी पैसे सोडले तर परत बोलावता येणार नाहीत. पाठवू, की रद्द करू?"

सात वाजून चौतीस मिनिटे झाली होती. ऑस्वाल्डने मान वळवून विनिफ्रेडकडे पाहिले. ती त्याच्याकडेच बघत होती. किती वेळ, ते दोघांनी वेगवेगळे सांगितले. त्याच्या मते अर्धे मिनिट. तिच्या मते त्याने पाहिलेही नाही नीट.

"पाठवा," तो म्हणाला.

विनिफ्रेड सरळ उभी राहिली, ओट्यापाशी गेली आणि सकाळची भांडी डिशवॉशरमधून काढून कपाटात लावू लागली.

पैसे सोडल्याचे पत्र डॉना ईमेलने पाठवणार होती, ते यायला पंधरा मिनिटे लागली. त्या पंधरा मिनिटांत ऑस्वाल्ड ईमेल पुन्हा पुन्हा उघडत होता, मेरिल जिन्यात बसून होती आणि स्वयंपाकघरात ताटल्यांचा आवाज होत होता. सात एकोणपन्नासला पत्र आले. त्याने ते मेरिलला पुढे पाठवले. तिने मोबाइल फ्राऊ लेमानच्या हातात दिला. बाईंनी चष्मा शोधला, लावला, पत्र वरपासून खालपर्यंत वाचले, पुन्हा वर गेल्या आणि रक्कम बोटाने तपासली. मग आत जाऊन किल्ली घेऊन आल्या. सात सत्तावन्न.

"मिळाली," मेरिल म्हणाली आणि रडायला लागली. "थँक्यू, डॅडी. सॉरी. खोली बघून परत करते फोन." फोन बंद झाला.

ऑस्वाल्डने कॉम्प्युटर बंद केला. विनिफ्रेडची पाठ त्याच्याकडे होती.

"विनी, दुसरं काय म्हणणार होतो मी?"

"दुसरं काही म्हणायचं नव्हतं," ती न वळता म्हणाली. "विचारलं असतंस, तर मीही पाठवा म्हटलं असतं. ती फोन उचलेना तेव्हाच तिला घरी आणायची माझी हौस फिटली होती."

"मग?"

"खातं आपल्या दोघांच्या नावावर आहे, ऑस्वाल्ड. एकाची सही पुरते, ते मला माहितीये. तूच तसं लिहून दिलंस. तरी विचारायचं असतं."

वसईला हजारो खाती त्याने याच पद्धतीने उघडली होती, दोघांची नावे आणि कोणा एकाची सही. त्यातल्या दुसऱ्या नावाच्या माणसाला काय वाटते, हे कोणी काउंटरवर येऊन सांगितले नव्हते.

फोन वाजला. मेरिलचाच. तो टेबलावर ऑस्वाल्डच्या हाताजवळ होता. त्याने उचलला नाही, विनिफ्रेडकडे सरकवला. तिने हात पुसले. तोवर चार वेळा रिंग वाजली होती.

"हं," ती म्हणाली, "दाखव खोली. आधी हीटर दाखव."