मंत्र्यांच्या आधी सुटलेलं पाणी

मंत्री अजून गेस्ट हाऊसमध्येच होते आणि इकडे पाणी चढत होतं.

मी जलसंपदा खात्यात इंजिनिअर. कुंभकोणमजवळ, इन्नंबूरच्या बाजूला, आमचं एक रेग्युलेटर आहे. म्हणजे नदीतून कालवा फुटतो तिथे बसवलेली लोखंडी दारं. त्यांना आम्ही शटर म्हणतो. चाक फिरवून शटर उचललं की पाणी कालव्यात जातं. दर हंगामात पहिलं शटर मंत्र्यांनी उघडायचं, पाण्यावर फुलं आणि मूठभर साळी टाकायच्या, फोटो काढायचा, अशी रीत.

त्या दिवशी वरून ठरल्यापेक्षा जास्त पाणी आलं आणि बंद दारांशी तुंबलं. डाव्या काठाचा मातीचा बांध तसाही डागडुजीचा. तो झिरपायला लागला. त्याच्यापलीकडे भाताची रोपं, नुकती वर आलेली. बांध फुटला असता तर सगळ्या गावाची लावणी गेली असती.

"हा फार वेळ धरणार नाही, अम्मा," शटर फिरवणारे आमचे मुरुगेसन मला म्हणाले.

मंत्री अडले होते राहुकालाची अशुभ वेळ टळावी म्हणून. हेच गृहस्थ भाषणांतून राहुकाल पाळणाऱ्यांची टर उडवायचे. स्वतःवर वेळ आली की त्याला 'ट्रॅफिक' म्हणायचे. तीनदा निवडून आलेले, दोन चौकश्यांतून सुटलेले, एकदा खातं घालवून परत मिळवलेले. त्यांच्या आधी पाणी सोडलं म्हणून एका इंजिनिअरची त्यांनी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला बदली केली होती. शिवाय हे फोटोसाठी पाणी अडवतात, अशी ओरड टीव्हीवाल्यांनी त्याच आठवड्यात चालवली होती.

मी साहेबांना फोन लावला. आमचे राव साहेब माझ्यासारखेच तंजावरी मराठी. रागावले की तमिळ बोलतात, घाबरले की मराठी, आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून. त्यांनी आमची जुन्या वळणाची मराठीच काढली.

"मज पुसूं नको," ते कुजबुजले. "पुसलीस तर नको म्हणावें लागेल. मी मंत्र्याच्या बाजूसच उभा आहें."

"बांध जाईल, सर. माती सुटूं लागली."

"म्हणून तर म्हणतों, पुसूं नको."

मला संताप आला. पण वाद घालायला वेळ नव्हता. समारंभाच्या मांडवामागचं शेवटचं शटर वीतभर उचला, असं मी मुरुगेसनना सांगितलं. ते चाकापाशी गेले, पण हात लावेनात.

"कुणी विचारलं तर माझं नाव सांगा," मी म्हटलं.

चाक फिरलं. हळूहळू बांधाची गळती मंदावली. माझा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा नोकरीत अडकला होता.

पाणी काही लपवता येत नाही. कोरड्या कालव्यात ते दिसताच खालच्या अंगाला उभ्या शेतकऱ्यांनी त्यावर फुलं टाकली. कॅमेरे तिकडे धावले. नेमकी तेव्हाच मंत्र्यांची गाडी आली.

ते उतरले. वाहतं पाणी पाहून त्यांचा चेहरा असा झाला, की त्यांच्याबरोबर आलेले साहेब सरकत सरकत माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"कुणी सोडलं?"

"मी, सर."

पुढे ते काय बोलणार होते, देव जाणे. एका वार्ताहराने मध्येच माईक घातला. "सर, पाणी तुमच्यासाठी अडवून ठेवतात म्हणे. मग हे कसं?"

मंत्र्यांनी माईककडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुरलेला माणूस.

"मीच सकाळी फोन करून सोडायला लावलं," ते म्हणाले. "शेतकऱ्यांनी माझी वाट का बघायची? काय अम्मा, बरोबर ना?"

"हो सर." इतक्या तत्परतेने मी कुठलाही रिपोर्ट दिलेला नाही.

मग त्यांनी मधलं शटर उघडलं, साळी टाकल्या, फोटो झाले. चाकावर हात ठेवून, हसू तसंच ठेवत, ते हळूच म्हणाले, "पुढच्या वेळी खरंच फोन करा."

गाड्या गेल्यावर मी बांधावर जाऊन बसले. रोपं जागच्या जागी होती. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आमच्या खात्यात न विचारता केलेलं काम गुन्हा की आदेश, हे काम पार पडल्यावर ठरतं. म्हणून आधी बांध वाचवावा. आदेश देणारा मागाहून आपोआप सापडतो.